ढगांच्या दिवसांत चेकराइड: तारीख कशी बांधायची आणि कधी सोडायची

"सर, ढग खाली आहेत, पण एक्झामिनर येऊन बसलेत. आता नाही कसं म्हणू?"

सकाळी पावणेआठला असा फोन आला की मला कळतं, घोळ आजचा नाही, महिन्याभरापूर्वीचा आहे. चेकराइडची, म्हणजे पायलटच्या लायसन्सआधीच्या शेवटच्या तोंडी आणि उड्डाण परीक्षेची, तारीख एकच घेतलेली असते, तीही दुपारची. विमान फक्त त्याच दिवसापुरतं बुक केलेलं. आणि दोन दिवसांनी मुंबईचं परतीचं तिकीट. ढगांनी फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो.

मी फ्लोरिडात शिकवतो. अमेरिकेत प्रायव्हेट पायलटचं प्रशिक्षण घेणारी आपली मुलं-मुली स्टॉल (पंखांची उचल सुटल्यावर विमान सावरणं) आणि लँडिंगची तयारी जीव तोडून करतात, पण चेकराइडची तारीख मात्र लग्नाच्या हॉलसारखी धरतात: मिळाली की सोडायची नाही. पुढचं सगळं सिंगल इंजिन विमान आणि एफएएच्या (अमेरिकेच्या नागरी उड्डाण खात्याच्या) नियमांना धरून आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. क्रम चुकला की नेमकी मुदत संपते.

टप्पा १: तारीख मागण्याआधी मुदती लिहून काढा

वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक गोष्ट कधी संपते ते लिहा. "बहुतेक चालू आहे" असं लिहायचं नाही, तारीख लिहायची.

लेखी परीक्षेचा निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो. बहुतेकांना इथे अडचण नसते.

खरी गोम पुढच्या ओळीत आहे. चेकराइडच्या तयारीसाठी इन्स्ट्रक्टरबरोबर किमान ३ तासांचं उड्डाण लागतं, आणि ते परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत झालेलं असावं लागतं. यात दिवस मोजत नाहीत, महिने मोजतात. समजा तुमची राइड ३१ जुलैला होती आणि हे ३ तास तुम्ही मेमध्ये उडवलेत. ३१ जुलैला चालतील. पावसामुळे राइड २ ऑगस्टला गेली की खिडकी जून-जुलैवर सरकते आणि मेचे तास गळून पडतात. दोन दिवसांच्या पावसाने तीन तासांचं विमानाचं भाडं अंगावर येतं. म्हणून महिनाअखेरची तारीख घेत असाल तर हे तास ताजे ठेवा. इन्स्ट्रक्टरच्या शिफारशीच्या एन्डोर्समेंटलाही (लॉगबुकातल्या सहीलाही) अशीच दोन महिन्यांची अट आहे, तीही तपासा.

मेडिकल: तिसऱ्या वर्गाचं, चाळिशीच्या आत असाल तर ६० कॅलेंडर महिने, त्यापुढे २४.

सोलो (एकट्याने उडण्याचं) एन्डोर्समेंट ९० दिवसांचं. परीक्षा दुसऱ्या विमानतळावर असेल आणि तिथे एकट्याने विमान घेऊन जाणार असाल तर हे लागतंच. याचा दुसरा पेच शेवटच्या टप्प्यात येईल.

विमानाची कागदपत्रं: वार्षिक तपासणी १२ महिने, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) २४ महिने, ईएलटी (अपघातानंतर संकेत पाठवणारं यंत्र) १२ महिने. शाळेच्या विमानाला १०० तासांची तपासणी असते आणि ती तारखेवर नाही, मीटरवर चालते. आज १८ तास उरलेत म्हणून निश्चिंत राहू नका. शाळेचं विमान रोज ५-६ तास उडत असेल तर राइड चार दिवस पुढे गेली की ते हँगरमध्ये उघडून ठेवलेलं सापडेल.

व्हिसा आणि आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी शाळेने दिलेला कागद) ची तारीखही याच पानावर लिहा. परतीचं तिकीट राइडच्या तारखेला चिकटवून काढू नका. घरचे लग्नाच्या किंवा गणपतीच्या तारखा सांगून घाई करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की तारीख हलू शकते.

*तपासा:* नाव. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. पासपोर्ट, स्टुडंट पायलट सर्टिफिकेट, लेखी परीक्षेचा निकाल आणि आयाक्रावरचा (एफएएच्या ऑनलाइन प्रणालीवरचा) अर्ज, या चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. स्वच्छ निळ्या आकाशाखाली केवळ मधलं नाव जुळत नाही म्हणून दिवस वाया जाणं याइतकं चिडवणारं काही नाही.

टप्पा २: आधी दिवसातली वेळ ठरवा, मग तारीख

मुलं विचारतात, "कुठल्या तारखेला मिळेल?" पहिला प्रश्न असा हवा: "या भागात, या महिन्यात, दिवसाचे कुठले तास हमखास उडण्यालायक असतात?"

फ्लोरिडाचा उन्हाळा घ्या. दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्राचा वारा आत शिरतो, तापलेल्या जमिनीवर हवा वर चढते आणि दुपारी गडगडाट सुरू होतो. खालच्या थरातला वारा पश्चिमेचा असेल तर वादळं पूर्व किनाऱ्याकडे साचतात, पूर्वेचा असेल तर पश्चिमेकडे, गल्फच्या (मेक्सिकोच्या आखाताच्या) बाजूला. म्हणून एकाच दुपारी एका किनाऱ्यावर लख्ख ऊन आणि दुसऱ्यावर विजा असं दिसतं. उन्हाळ्यात इथे राइड सकाळी ८ ला सुरू व्हायला हवी. ओरल (तोंडी परीक्षा) दीड-दोन तासांची धरली तरी १० च्या सुमारास विमान सुरू होतं. दुपारी १ ची वेळ घेणं म्हणजे ओरल संपवून वादळ बघायला खिडकीत उभं राहणं.

हाच नियम हिवाळ्यात उलटा लावावा लागतो. थंड, निवांत रात्रीनंतर पहाटे धुकं बसतं. तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचाच फरक उरला असेल तर सकाळच्या आठच्या वेळेवर भरवसा ठेवू नका, १० किंवा ११ ची मागा.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये समुद्रावरून आलेला ढगांचा थर सकाळभर बसून राहतो आणि उन्हं चढली की विरतो. तिथे दुपार बरी. फिनिक्सकडे उन्हाळ्यात पहाटेच उडायचं, कारण नंतर डेन्सिटी अल्टिट्यूड चढतं (तापलेली हवा पातळ होते, विमानाचा जोर कमी पडतो), हवा उकळल्यासारखी हलते, आणि १५ जून ते ३० सप्टेंबर या त्यांच्या मान्सूनमध्ये संध्याकाळकडे धुळीचे लोट येतात. (हो, ॲरिझोनातही मान्सून म्हणतात. कोकणातल्या माणसाला हसू येईल.) टेक्सासमध्ये वसंत ऋतूत सकाळी गल्फवरून आलेले खालचे ढग, आणि ते फाटले की जोराचा वारा, अशी दोन्हीकडून कोंडी असते. उत्तरेकडे हिवाळ्यात दिवसच छोटा, त्यात ढगात बर्फ धरण्याची भीती.

शाळेतल्या जुन्या इन्स्ट्रक्टरला हे विचारा. त्याला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त माहीत असतं.

टप्पा ३: एक्झामिनरकडून दोन तारखा घ्या

चांगल्या एक्झामिनरची तारीख आठवडे आधी धरावी लागते. फोन किंवा मेल करताना या गोष्टी एकदमच विचारून घ्या:

१. हवामानामुळे पुढे ढकलायची झाली तर राखीव तारीख आत्ताच देता येईल का?
२. हवामानाचा अंतिम निर्णय कळवण्याची वेळ कोणती? आदल्या रात्री, की सकाळी?
३. ओरल झाली आणि उड्डाण झालं नाही तर फी कशी? परत आल्यावर वेगळे पैसे किती?
४. उड्डाण बाकी राहिलं तर पुढची तारीख साधारण किती दिवसांत मिळते?
५. क्रॉस-कंट्रीचं (लांबच्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाचं) ठिकाण आणि एक्झामिनरचं स्वतःचं वजन कधी कळेल?

फीचे नियम प्रत्येकाचे वेगळे असतात. विचारायला लाजू नका, पण परीक्षेच्या सकाळी विचारू नका.

राखीव तारीख पहिलीनंतर ५ ते १० दिवसांनी घ्या. दुसऱ्याच दिवसाची घेतली तर तीच ढगांची पट्टी अजून डोक्यावर असते. दोन्ही दिवशी विमानही बुक करा. मुलं एक्झामिनरच्या दोन तारखा घेतात आणि विमानाची एकच. राखीव दिवशी तेच विमान कोणीतरी सहलीला घेऊन गेलेलं असतं. मग ज्या विमानात कधी बसला नाहीत, ज्याचं जीपीएस वेगळं आहे, त्यात राइड द्यायची वेळ येते.

*सावधान:* राखीव तारीख लागणार नसेल तर वेळेत सोडा. दुसरा कोणीतरी तुमच्यासारखाच वाट बघत असतो.

टप्पा ४: आकडे घरी, शांत डोक्याने ठरवा

कायद्याने चालतं म्हणून चेकराइड होतेच असं नाही. क्लास ई (हवाई हद्दीचा एक वर्ग) मध्ये १०,००० फुटांखाली ३ मैल दृश्यमानता आणि ढगांपासून ५०० फूट खाली, १,००० वर, २,००० आडवं अंतर, एवढंच कायदा मागतो. चेकराइडचा हिशोब याहून कडक निघतो. तो असा करा:

स्टॉल आणि स्लो फ्लाइट जमिनीपासून १,५०० फुटांच्या खाली न येता पुरं करायचं असतं. स्टॉलमध्ये उंची जाणार, म्हणून सुरुवात २,५०० ते ३,००० वरून. वर ढगाखाली ५०० फूट मोकळे हवेत. झाले ३,५००. ढगांचा पाया काही सपाट छत नसतो, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना ४,००० लिहायला लावतो. हे जमिनीपासून मोजलेले फूट आहेत. मेटारमधले (विमानतळाच्या ताज्या हवामान नोंदीतले) ढगही जमिनीपासून मोजलेले असतात, पण तुमचं अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून दाखवतं. फ्लोरिडात हा फरक किरकोळ, ॲरिझोनात मोठा.

वारा: सेसना १७२ एस मध्ये दाखवून दिलेला कमाल क्रॉसविंड (बाजूचा वारा) १५ नॉट आहे. तो आकडा विमानाचा. तुम्ही गेल्या महिन्यात किती नॉटमध्ये नीट उतरलात तो आकडा लिहा. बहुतेकांचा ८ ते १० निघतो. सरासरी वारा आणि झोत यांतला फरकही लिहा, कारण शॉर्ट-फील्ड (छोट्या धावपट्टीवरच्या) लँडिंगला ठरवलेल्या जागेच्या अलीकडे टेकायचं नाही आणि पलीकडे २०० फुटांच्या आत टेकायचं असतं. वारा १२ आणि झोत २२ असेल तर ती जागा पकडणं नशिबावर जातं. स्टीप टर्नमध्ये (जास्त तिरकं होऊन घेतलेल्या वळणात) उंची १०० फूट वर-खाली एवढीच सूट असते. तापलेल्या दुपारी हवाच तुम्हाला १०० फूट उचलते.

कागद असा दिसेल: ढग ४,०००. दृश्यमानता ६ मैल. क्रॉसविंड १०. झोतांतला फरक ८. वादळं २० मैलांच्या आत नकोत. खाली सही करा. इन्स्ट्रक्टरचीही घ्या.

*नेहमीची चूक:* "स्कॅटर्ड आहे, म्हणजे सीलिंग नाही, म्हणजे चालेल." सीलिंग (ढगांचं छत) ब्रोकन (बहुतांश भरलेल्या) किंवा ओव्हरकास्ट (पूर्ण भरलेल्या) थरापासून मोजतात हे बरोबर. पण १,८०० फुटांवरच्या स्कॅटर्ड (विखुरलेल्या) ढगांपासूनही अंतर ठेवावंच लागतं. त्यांच्यामधून वर जाऊन स्टॉल करायचा आणि पुन्हा भोक शोधत खाली यायचं, हे एक्झामिनर शांतपणे बघत बसेल आणि शेवटी नापासचा कागद तुमच्या हातात देईल.

टप्पा ५: तीन दिवस आधीपासून सकाळपर्यंत

तीन दिवस आधी: राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्थानिक कार्यालयाचं लिखित विवेचन वाचा. आकड्यांपेक्षा त्यातली भाषा बघा. अंदाज लिहिणाऱ्यालाच खात्री नसेल तर ते तिथे कळतं. एक्झामिनरला अजून काही कळवू नका.

आदला दिवस, संध्याकाळ: आउटलुक ब्रीफिंग घ्या (उड्डाण सहा किंवा जास्त तासांवर असताना जे घेतात ते). टाफ वाचा. टाफ, म्हणजे विमानतळाचा हवामान अंदाज, विमानतळाभोवतीच्या ५ मैलांपुरता असतो. तुमचा सरावाचा भाग १५ मैल आत असेल तर तिथल्या जवळच्या विमानतळाचाही बघा. चित्र साफ वाईट असेल तर आत्ताच फोन करून राखीव तारखेवर जा. सकाळची वाट बघत एक्झामिनरला शंभर मैल गाडी चालवायला लावू नका.

वेळेचा घोटाळा इथेच होतो. टाफ झुलू वेळेत (ग्रीनिचच्या वेळेत, आकड्यापुढे झेड) असतो. फ्लोरिडात उन्हाळ्यात १२झेड म्हणजे सकाळचे ८, हिवाळ्यात ७. घरच्यांशी बोलायला फोनवर भारतीय वेळ लावलेली असते, शाळेच्या भिंतीवर तिसरंच घड्याळ. कागदावर आधी स्थानिक वेळ लिहा, मग टाफ वाचा.

त्याच सकाळी: १२झेडचा नवा टाफ उन्हाळ्यात साडेसातच्या सुमारास येतो. तो, ताजा मेटार आणि स्टँडर्ड ब्रीफिंग, हे तिन्ही घेऊन कालचा सही केलेला कागद समोर ठेवा. क्रॉस-कंट्रीचा नॅव्ह लॉग (मार्ग, वारा, वेळ यांचा तक्ता) आजच्या वाऱ्याने पुन्हा भरा.

*तपासा:* राइड पुढे ढकलली गेली असेल तर जुन्या तारखेचा नॅव्ह लॉग पिशवीतून काढून फाडून टाका. मागच्या मंगळवारचे वारे घेऊन आलेला विद्यार्थी मी पाहिलाय. ओरलचा पहिला प्रश्नच तिथून निघाला.

टप्पा ६: उडता येणार नाही, मग निदान ओरल करून ठेवावी?

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, दोन्ही बाजूंनी.

ओरल झाली आणि हवामानामुळे उड्डाण झालं नाही, तर एक्झामिनर लेटर ऑफ डिस्कन्टिन्युअन्स देतो. हे नापास होणं नाही. नापास झाल्यावर मिळतो तो कागद वेगळा, नोटीस ऑफ डिसॲप्रूव्हल. पुढे नोकरीच्या अर्जात किती चेकराइडमध्ये नापास झालात असं विचारतात तेव्हा डिस्कन्टिन्युअन्स मोजायचा नसतो. त्यामुळे त्याला घाबरू नका.

पण त्या दिवसापासून एक नवं घड्याळ सुरू होतं. पास झालेल्या भागांचं श्रेय ६० दिवसच टिकतं. १० जूनला थांबलात तर शेवटचा दिवस ९ ऑगस्ट. "दोन महिने" म्हणून १० ऑगस्टची तारीख धरलीत की ओरलपासून पुन्हा.

म्हणून माझा नियम: पुढची तारीख नक्की हातात असेल, शक्यतो तीन आठवड्यांच्या आत, तरच ओरल करा. एक्झामिनर म्हणाला, "बघू, फोन करतो," तर सगळंच पुढे ढकला. ऐन पावसाळ्यात ओरल करून बसलेला आणि मग आठवड्यामागून आठवडे ढग मोजणारा मुलगा शेवटी घाईत उडतो. ओरलचा अभ्यासही तोवर शिळा होतो, आणि उड्डाणाच्या दिवशी एक्झामिनर त्या विषयांकडे फिरकणारच नाही असं समजू नका. विमानातही प्रश्न येतात.

ओरलच्या वेळी ढग वर चढत असतील, तर ओरल सुरू करणं हाच शहाणपणा. गेल्या वर्षीची एक सकाळ सांगतो. ९ वाजता ब्रोकन १,६००, टाफ म्हणत होता ११ नंतर ४,०००. पोरगी सांगलीची, ओरल उत्तम दिली. ११ ला मेटार आला: ब्रोकन २,९००. तिने सही केलेला कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझे चार हजार आहेत. अर्धा तास थांबते, नाही चढले तर आज नाही." साडेअकराला ३,१००. ती थांबली, लेटर घेतलं, सहा दिवसांनी उडाली. एक्झामिनरने मला नंतर सांगितलं, निर्णय घेण्याच्या भागात तिला विचारायला फारसं काही उरलंच नव्हतं.

नियमच असा आहे: चेकराइडमध्ये एक्झामिनर, वेगळं ठरलं नसेल तर, पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार वैमानिक) नसतो. तो खुर्ची तुम्हाला देऊन तुमच्याकडे बघत असतो. "सर, तुम्हाला काय वाटतं, जाऊ का?" हा प्रश्न त्याला विचारू नका.

टप्पा ७: हवेत गेल्यावर बिघडलं तर

तोंडाने सांगा: "ढग खाली येतायत, मला ही राइड इथे थांबवायची आहे." मग परत फिरा आणि नीट उतरा. झालेले भाग जमेला धरले जातात.

मॅन्युव्हर (परीक्षेतली कसरत) फसल्यावर मात्र हवामानाचं नाव पुढे करू नका. जे फसलं ते फसलं, ते नापासच. म्हणून बिघडतंय असं वाटलं तर पुढचं मॅन्युव्हर सुरू करण्याआधी बोला.

ढगांची उंची २,००० असताना "आधी खालची कामं उरकू, वरची नंतर बघू" असा मोह होतो. लँडिंग आणि ग्राउंड रेफरन्स (जमिनीवरच्या खुणा धरून घेतलेली वळणं) होतात खरे, पण उरलेल्या भागांसाठी परत पूर्ण तयारी, परत भाडं. एक्झामिनरने स्वतः सुचवलं आणि पुढची तारीख पक्की असेल तरच करा.

टप्पा ८: लेटर हातात आल्यावर, त्याच दिवशी

लेटरवर कुठले भाग झाले आणि कुठले राहिले ते एक्झामिनरसमोरच वाचा. फोटो काढा, मूळ कागद लॉगबुकात ठेवा. तो पुढच्या वेळी दाखवावा लागतो. नवा भरलेला, सही केलेला अर्जही लागेल, तेव्हा आयाक्रामध्ये इन्स्ट्रक्टरला लगेच कामाला लावा. मग टप्पा १ चं पान काढून सगळ्या तारखा नव्या तारखेला जुळतात का ते बघा, विमानाच्या मीटरसकट. मधल्या दिवसांत एकदा तरी उडा. तीन आठवडे जमिनीवर बसून सरळ शॉर्ट-फील्ड द्यायला जाऊ नका.

आता मघाशी राखून ठेवलेला पेच. परीक्षा दुसऱ्या विमानतळावर असेल आणि डिस्कन्टिन्युअन्स झाला तर तुम्ही अजून स्टुडंट पायलटच आहात. पास होऊन प्रायव्हेट पायलट म्हणून परतायचं या हिशोबाने आलेल्यांकडे परतीचं एन्डोर्समेंटच नसतं. सोलो क्रॉस-कंट्रीसाठी इन्स्ट्रक्टरने त्या दिवसाचं नियोजन बघून सही द्यावी लागते, दिवसा दृश्यमानता किमान ३ मैल लागते आणि जमीन दिसत राहावी लागते. ज्या हवेमुळे राइड थांबली त्याच हवेत घरी परतायचं नसतं. निघण्याआधी इन्स्ट्रक्टरला विचारून ठेवा की अडकलो तर मला घ्यायला गाडी कोण आणेल, आणि विमान रात्रभर तिथे बांधून ठेवायला दोर, कव्हर आणि परवानगी आहे ना.